पंख डोलावण्याचा अर्थ

सांबऱ्याकडून आमच्या शाळेत येणारी बरीच मुले आहेत. हवाई दलाचा तळ आणि विमानतळ त्यांच्या शिवाराला लागून, त्यामुळे विमानांविषयी त्यांना जेवढे ठाऊक असते तेवढे त्यांच्या मुख्याध्यापकांना नसते. दोन वर्षांपूर्वी एक शिक्षक रजेवर होते म्हणून मी नववीच्या वर्गावर नागरिकशास्त्राचा तास घेतला. विषय होता राज्याचे सार्वभौमत्व. देशाचा हक्क जमिनीवर असतो तसा वरच्या आकाशावरही असतो आणि परवानगीवाचून आत आलेले विमान सरकार अडवू शकते, असे मी सांगितले. तेवढ्यात मागच्या बाकावरून प्रश्न आला, "सर, पण विमान अडवणार कसं? ट्रकच्या आडवा ट्रक लावता येतो. विमान थांबलं तर ते पडेलच की!"

वर्ग हसला. मीही हसलो. घंटा झाली म्हणून सुटलो, असे खरे म्हणजे म्हणायला हवे. मी इतिहासाचा विद्यार्थी, एम.ए.ला मराठेशाही घेतलेली. रात्री जेवताना मनात आले की हा प्रश्न समुद्रावर फार पूर्वी सुटलेला आहे. पोर्तुगीजांनी अरबी समुद्रावर कार्ताझ नावाचा परवाना चालू केला होता. तो नसलेले खाजगी व्यापारी जहाज दिसले की त्यांची लढाऊ गलबते ते धरत. पुढे कान्होजी आंग्र्यांनी याच पाण्यात आपले दस्तक चालवले, आणि ते न घेणाऱ्या गोऱ्या व्यापाऱ्यांना आंग्रे चाचा वाटू लागले. अडवण्याची रीत सोपी होती. जवळ जायचे, तोफेचा एक गोळा त्याच्या नाळेसमोर पाण्यात टाकायचा. समजूतदार तांडेल शीड उतरवी. जहाज थांबे, मग त्यावर चढून कागद बघायचे, माल तपासायचा, भांडण करायचे असेल तर तेही करायचे. वेळ भरपूर असे.

विमानाला शीड उतरवता येत नाही. आमच्या त्या मुलाने नेमके तिथेच बोट ठेवले होते. त्यानंतर मी या विषयावर मिळेल ते वाचत गेलो, आणि वाचता वाचता एक गोष्ट ध्यानात आली. लढाऊ विमानाजवळ बंदुका आहेत, क्षेपणास्त्रे आहेत, पण त्यांनी फक्त पाडता येते. अडवायचे असेल तर त्याला बोलावे लागते, आणि समोरच्याला ते बोलणे कळावे लागते.

हे बोलणे कसे चालते ते थोडे सांगतो. जगातील बहुतेक देशांनी शिकागो येथे ७ डिसेंबर १९४४ रोजी झालेला नागरी विमान वाहतुकीचा करार मान्य केलेला आहे. त्याच्या दुसऱ्या परिशिष्टात आकाशातल्या या भेटीची खुणांची भाषा दिली आहे. लढाऊ विमान मागून येते आणि साधारणपणे डाव्या बाजूला, किंचित वर आणि पुढे येऊन उभे राहते. उभे राहते हा आपला शब्द झाला. मग ते आपले पंख डोलावते, म्हणजे एक पंख खाली, दुसरा वर, पुन्हा उलट. याचा अर्थ, "तुला अडवले आहे, माझ्या मागून ये." अडवलेल्या विमानानेही तसेच पंख डोलावायचे, त्याचा अर्थ, "समजले, येतो." लढाऊ विमान एखाद्या विमानतळाभोवती घिरट्या घालून चाके खाली सोडून धावपट्टीवरून गेले तर "इथे उतर." एकदम वर चढून झटक्याने बाजूला वळून निघून गेले तर "तू जाऊ शकतोस." रेडिओवर १२१.५ मेगाहर्ट्झ ही आणीबाणीची लहर दोघांनी लावायची असते. एकमेकांची भाषा येत नसेल तर दहा-पंधरा इंग्रजी शब्द ठरवून दिलेले आहेत: फॉलो, डिसेंड, यू लँड, प्रोसीड; आणि उत्तरादाखल विल्को, कॅन नॉट, रिपीट, अ‍ॅम लॉस्ट. वाट चुकलेल्या माणसाला "मी चुकलो आहे" एवढे सांगता यावे याची सोय करणाऱ्या त्या अज्ञात कारकुनाबद्दल मला आदर वाटतो.

आता यातली अडचण पाहा. छोटे सेस्ना विमान ताशी दोनशे किलोमीटरच्या आसपास चालते. मिग-२१ ला जमिनीवर उतरतानासुद्धा ताशी तीनशेच्या घरात वेग लागतो. म्हणजे मोटारसायकलवाल्याने बैलगाडीला सोबत करायची, आणि मोटारसायकल हळू केली तर ती आडवी होणार! नियमावलीत यावरही तोड आहे. वेगवान विमानाने शर्यतीच्या घोड्यासारखे लांबट फेरे मारायचे आणि दर वेळी जवळून जाताना पंख डोलावायचे. सेस्नातल्या माणसाला काय दिसते? कानठळ्या बसवणारे काहीतरी शेजारून गेले. पुन्हा आले, पुन्हा गेले. त्या क्षणार्धात पंख डोलावले होते की वळण घेतले होते, हे त्याने ओळखायचे.

आपल्याकडे दोन भाषांत राहणाऱ्यांना खुणांचा हा घोटाळा नवा नाही. नोकरीच्या पहिल्या वर्षी खानापूरच्या पुढे एका कानडी बोलणाऱ्या खेड्यात मी शाळेची वर्गणी मागायला गेलो होतो. तेव्हा माझे कानडी बाजारापुरतेच. एका वृद्ध गृहस्थांनी माझे सारे ऐकून घेतले आणि मान डावी-उजवीकडे हलवली. मी नमस्कार करून उठलो, निघालो. ते मागून हाका मारीत आले, हातात नोटा. त्यांनी हो म्हटले होते. मी नाही समजलो होतो. तिथे माझे नुकसान झाले असते ते पन्नास रुपयांचे.

अडवण्यासाठी आधी गाठावे लागते, हेही मुलांना सांगायला हवे. माझे वडील १९६१ च्या डिसेंबराची गोष्ट सांगत. गोवामुक्तीच्या कारवाईत सांबऱ्याच्या धावपट्टीवरून हंटर विमाने उडत होती आणि सारे बेळगाव गच्चीवर होते. १८ डिसेंबरला आपल्या विमानांनी बांबोळीचे बिनतारी केंद्र उडवले, दाभोळीच्या धावपट्टीवर बाँब टाकले. आकाश संपूर्ण आपल्या हाती होते. तरीही त्या रात्री दाभोळीच्या त्याच उखडलेल्या धावपट्टीवरून दोन नागरी विमाने उडाली. एक पोर्तुगालच्या टीएपी कंपनीचे कॉन्स्टेलेशन आणि दुसरे गोव्याच्या टीएआयपी कंपनीचे डीसी-४. दिवे न दाखवता, समुद्रावरून अगदी खालून उडत ती कराचीला पोहोचली. हंटर हे दिवसाचे विमान; रात्री समुद्रालगत चाललेले विमान शोधणे त्याच्या हाती नव्हते. आत पोर्तुगीज कुटुंबे होती. ती सुखरूप गेली हे एका अर्थी बरेच झाले, असे वडील म्हणत, आणि मग इकडे-तिकडे बघत, कुणी ऐकले तर नाही ना!

गाठले आणि उतरवलेही, असे आपल्याकडचे गाजलेले उदाहरण १९९५ चे. १७ डिसेंबरच्या रात्री पश्चिम बंगालमधील पुरुलिया जिल्ह्यात झालद्याच्या आसपासच्या खेड्यांवर आकाशातून पेट्या पडल्या. सकाळी लोकांनी पाहिले तो शेकडो एके-४७ बंदुका आणि दहा लाखांहून अधिक गोळ्या. टाकणारे विमान सोव्हिएत बनावटीचे अन्तोनोव्ह-२६, खाजगी मालकीचे. ते बल्गेरियातील बुर्गासहून निघून कराची, वाराणसी असे परवानगी घेत घेत आले होते. माल टाकून ते कोलकात्याला उतरले, तिथून थायलंडमध्ये फुकेतला गेले. चोर आले, दारातून आले, दारातून गेले, आणि घरातली भांडी वाजली तेव्हा घरधनी जागा झाला.

पण पुढे या मंडळींनी एक धाडस जास्तीचे केले. तेच विमान २१ डिसेंबरला फुकेतहून परत भारतातच आले. मद्रासला इंधन घेऊन कराचीकडे निघाले. या वेळी हवाई दलाचे मिग-२१ त्याच्या वाटेवर होते, आणि विमानाला मुंबईला उतरण्याचा हुकूम झाला. ते उतरले. गोळी झाडावी लागली नाही. अन्तोनोव्हचे चालक रशियन बोलणारे, लष्करी विमानाचे वळण ठाऊक असलेले. शेजारी मिग दिसल्यावर काय करायचे हे त्यांना कुणी शिकवायला नको होते. अडवणे म्हणतात ते याला. त्या वर्षी मी पंचवीस वर्षांचा होतो, नुकता नोकरीला लागलेला. स्टाफरूममध्ये वर्तमानपत्र मोठ्याने वाचून झाले आणि आमचे ज्येष्ठ सर म्हणाले, "आपल्या पोरांनी बरोबर गचांडी धरली."

गचांडी धरली खरी, पण ती आकाशात. जमिनीवर आल्यावर मुंबईच्या विमानतळावरून त्या कटाचा मुख्य माणूस, किम डेव्ही नावाने वावरणारा डॅनिश नागरिक, निघून गेला. कसा गेला यावर पुढे संसदेत आणि वर्तमानपत्रांत पुष्कळ बोलले गेले. हाती राहिले ते पीटर ब्लीच हा ब्रिटिश शस्त्रविक्रेता आणि पाच चालक. २००० साली कोलकात्याच्या न्यायालयाने सहाही जणांना जन्मठेप दिली. रशियाच्या विनंतीवरून चालकांना त्याच वर्षी राष्ट्रपतींची माफी मिळाली. ब्लीच २००४ मध्ये सुटला. आपण या सौद्याची खबर ब्रिटिश अधिकाऱ्यांना आधीच दिली होती, असा त्याचा बचाव होता. डेव्हीला, म्हणजे नील्स हॉल्कला, भारताच्या हवाली करण्याची मागणी डेन्मार्कच्या न्यायालयाने २०११ मध्ये फेटाळली आणि २०२४ मध्ये पुन्हा एकदा फेटाळली. ताशी दोन हजार किलोमीटर जाणारे विमान आपण वेळेवर पाठवले. विमानतळावर शिडीखाली चार शिपाई उभे करणे राहून गेले.

परदेशातले सर्वांत गमतीचे उदाहरण मॉस्कोचे. २८ मे १९८७ रोजी माथियास रुस्ट हा अठरा वर्षांचा पश्चिम जर्मन मुलगा हेलसिंकीहून सेस्ना-१७२ घेऊन उडाला. जातो म्हणाला स्टॉकहोमला आणि वळला पूर्वेला. सोव्हिएत रडारांनी त्याला पाहिले होते. एक मिग-२३ त्याच्या अगदी शेजारून गेले. सेस्नाच्या वेगाला जुळावे म्हणून त्याने चाकेसुद्धा खाली सोडली होती. वर सांगितलेल्या भाषेत चाके सोडण्याला एक अर्थ आहे. इथे त्याला काहीच अर्थ नव्हता, वेग कमी करण्याची ती धडपड होती. लहानसे खेळाचे विमान दिसते, असे वर कळवले गेले आणि प्रकरण एका कचेरीतून दुसऱ्या कचेरीत हरवले. संध्याकाळी रुस्ट क्रेमलिनशेजारच्या पुलावर उतरून रेड स्क्वेअरच्या कडेला येऊन थांबला. लोक सह्या मागू लागले. तो दिवस सोव्हिएत सीमारक्षकांचा वार्षिक दिन होता! संरक्षणमंत्री सोकोलोव्ह आणि हवाई संरक्षणाचे प्रमुख कोल्डुनोव्ह यांची पदे गेली. पोराला चार वर्षांची शिक्षा झाली, ऑगस्ट १९८८ मध्ये सोडून दिले.

तो जिवंत का राहिला? सोव्हिएत अधिकारी दयाळू होते म्हणून नव्हे. चार वर्षांपूर्वी, १ सप्टेंबर १९८३ ला, सखालिन बेटाजवळ त्यांच्या सुखोई-१५ ने दक्षिण कोरियाचे प्रवासी बोइंग-७४७ पाडले होते. २६९ माणसे गेली. ते विमान शेकडो किलोमीटर वाट चुकले होते. सुखोईचा वैमानिक ओसिपोविच याने वर्षांनंतर सांगितले की खिडक्यांच्या दोन रांगा त्याला दिसल्या होत्या. त्याने इशाऱ्याचे गोळे झाडले, पण ते उजेड न देणारे, चिलखतभेदी. काळ्या रात्री ते कुणाला दिसणार? आणीबाणीच्या १२१.५ लहरीवर हाक मारलीच नव्हती. कोरियन चालक त्या वेळी टोकियोशी उंची वाढवण्याची परवानगी बोलत होते. आपल्याला कुणी अडवले आहे, याची त्यांना गंधवार्ता नव्हती. जगभर एवढा हलकल्लोळ झाला की त्यानंतर सोव्हिएत युनियनमध्ये नागरी विमानावर गोळी झाडण्याचा निर्णय फार वरच्या पातळीवर गेला, आणि रुस्टच्या वाट्याला त्याच भीतीचे पुण्य आले.

त्याच घटनेमुळे १० मे १९८४ रोजी शिकागो करारात एक कलम वाढवले गेले. उडत्या नागरी विमानावर शस्त्र चालवू नये, अडवताना आतल्यांच्या जिवाला धोका होऊ देऊ नये. मात्र हुकूम मिळाल्यावर विमानाने उतरलेच पाहिजे. हे कलम प्रत्यक्ष अमलात आले ते १ ऑक्टोबर १९९८ ला. मधल्या चौदा वर्षांत अडवणारे अडवत होते. २४ फेब्रुवारी १९९६ ला क्युबाच्या मिग-२९ ने मायामीहून आलेल्या एका निर्वासित-मदत संघटनेची दोन छोटी सेस्ना विमाने समुद्रावर पाडली, चार माणसे गेली. आंतरराष्ट्रीय विमान संघटनेच्या चौकशीत ती जागा क्युबाच्या हद्दीबाहेरची निघाली. क्युबाची तक्रार होती की ही विमाने वारंवार आत घुसून पत्रके टाकतात. तक्रार खोटी नव्हती. पण पत्रकाला क्षेपणास्त्र हे उत्तर, आणि मध्ये पंख डोलावण्याचीही पायरी नाही!

पायऱ्या लिहून ठेवल्या म्हणजे भागते, असे मात्र समजू नये. शाळेत परिपत्रके काढणाऱ्या माणसाला हे मान्य करणे जड जाते. २० एप्रिल २००१ चे पेरूमधले प्रकरण वाचून मी दोन दिवस अस्वस्थ होतो. अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यातून कोकेन नेणारी छोटी विमाने अडवायची, अमेरिकेच्या गुप्तहेर खात्याच्या टेहळणी विमानाने ती शोधायची आणि पेरूच्या हवाई दलाने ती उतरवायची किंवा पाडायची, अशी ती व्यवस्था. आधी ओळख पटवा, मग रेडिओवर बोला, मग खुणा करा, मग इशाऱ्याची गोळी. सारे क्रमवार ठरलेले. त्या दिवशी नदीवर उतरणारे एक छोटे विमान इकितोस शहराकडे परतत होते. आत अमेरिकन धर्मप्रचारकांचे एक कुटुंब आणि चालक.

टेहळणी विमानात अमेरिकन मंडळींना स्पॅनिश बेताचे येत होते आणि त्यांच्यासोबत बसलेल्या पेरूच्या अधिकाऱ्याचे इंग्रजी बेताचे होते. अमेरिकनांना शंका येऊ लागली की हे चोर दिसत नाहीत. चोर असा सरळ, एका उंचीवर चालत नाही. त्यांनी विचारले, नक्की ना? उत्तर आले, ओके. कशाला ओके, कुणाला ओके, याचा उलगडा झाला नाही. लढाऊ विमान ज्या लहरीवर हाका मारत होते ती लहर छोट्या विमानाच्या चालकाने लावलेली नव्हती. तो नेहमीप्रमाणे इकितोसच्या मनोऱ्याशी बोलत होता, आणि तेही चोख स्पॅनिशमध्ये. नोंदणी क्रमांक तपासण्याची पायरी नीट पार पडलीच नाही. गोळीबार झाला. आईच्या मांडीवर सात महिन्यांची मुलगी होती. दोघी एकाच वेळी गेल्या. पाय जायबंदी झालेल्या चालकाने जळते विमान नदीवर उतरवले म्हणून बाप, लहान मुलगा आणि तो स्वतः वाचले. हे सगळे संभाषण ध्वनिमुद्रित आहे. "आम्हाला मारताहेत" हे चालकाचे ओरडणे आणि "थांबा" हे अमेरिकनांचे स्पॅनिश, दोन्ही त्यात आहेत. थांबा हा शब्द त्यांना येत होता. तो उशिरा उच्चारला.

सप्टेंबर २००१ नंतर हिशेबच बदलला. विमान हेच शस्त्र होऊ शकते हे साऱ्या जगाने पाहिले. वॉशिंग्टनभोवती मोठा निषिद्ध प्रदेश आखला गेला. ११ मे २००५ ला दोन माणसे एका दोन आसनी सेस्ना-१५० मधून वाट चुकून त्यात शिरली. व्हाइट हाऊस आणि संसद रिकामी करण्यात आली, हजारो माणसे रस्त्यावर धावली. एफ-१६ विमानांनी पुढ्यात आगीचे भडके टाकून तिला वळवले. राष्ट्राध्यक्ष त्या वेळी गावाबाहेर सायकल चालवत होते आणि त्यांना हे फेरफटका संपल्यावर कळले. आपल्याकडेही २००५ मध्येच सरकारने नवे अपहरणविरोधी धोरण ठरवून, अपहृत विमान मोक्याच्या ठिकाणावर आदळवले जाण्याचा धोका असेल तर ते पाडण्याची मुभा ठेवली.

कधी कधी लढाऊ विमान पोहोचते आणि त्याला करण्यासारखे काहीच नसते. २५ ऑक्टोबर १९९९ ला अमेरिकेतील नामांकित गोल्फपटू पेन स्टुअर्ट खाजगी लिअरजेटने ऑर्लँडोहून डॅलसला निघाले. विमानातली हवा गेली आणि आतली सहाही माणसे बेशुद्ध पडली असावीत. स्वयंचलित यंत्रणेवर ते विमान तासन् तास उत्तरेला जात राहिले. एफ-१६ जवळ गेली. वैमानिकांनी पाहिले, खिडक्यांवर आतून बर्फासारखे पांढरे जमलेले, हालचाल नाही. ती काही काळ शेजारून उडत राहिली. इंधन संपल्यावर लिअरजेट दक्षिण डाकोटात शेतात कोसळले. शवयात्रेला चार माणसे जातात तसे ते जाणे.

एवढे वाचून झाल्यावर योगायोगाने त्याच वर्गाला पंचायत राज्याचा धडा होता. बलवंतराय मेहता समिती, १९५७, त्रिस्तरीय रचना. परीक्षेला हमखास येणारा प्रश्न. मी एवढी वर्षे हे नाव मुलांकडून पाठ करून घेतले आणि तो माणूस कसा गेला हे एकदाही सांगितले नव्हते. या वेळी सांगितले.

१९ सप्टेंबर १९६५. भारत-पाकिस्तान युद्ध चालू होते, शस्त्रसंधीला चारच दिवस उरले होते, अर्थात हे तेव्हा कुणाला ठाऊक नव्हते. बलवंतराय गुजरातचे मुख्यमंत्री होते. मिठापूरला सभा करून ते राज्य सरकारच्या बीचक्राफ्ट विमानाने कच्छच्या सीमेकडे निघाले. सोबत पत्नी सरोजबेन, तीन सहायक, एक वार्ताहर आणि दोन चालक. मुख्य चालक जहांगीर इंजिनियर. हवाई दलाचे माजी प्रमुख अस्पी इंजिनियर यांचे बंधू, स्वतः हवाई दलात नाव काढलेले.

पाकिस्तानी रडारवर सीमेजवळ एक ठिपका दिसला. कराचीजवळच्या मौरीपूर तळावरून कैस हुसैन नावाचा तरुण वैमानिक सेबर घेऊन उडाला. जमिनीवरचा नियंत्रक त्याला दिशा देत होता. वीस हजार फुटांवरून तीन हजार फुटांवर उतरल्यावर त्याला विमान दिसले. बाजूच्या चार खिडक्या मोजून त्याने अंदाज बांधला, आठ आसनांचे नागरी विमान आहे. त्याने लगेच गोळी झाडली नाही. नियंत्रकाला हे सांगितले आणि विचारले, काय करू? परत बोलावतील, अशी त्याला आशा होती.

खाली बीचक्राफ्टच्या चालकाने सेबर पाहिले होते. जहांगीर इंजिनियर यांनी विमान वर चढवायला सुरुवात केली आणि पंख डोलावले. पुन्हा पुन्हा डोलावले. आजच्या नियमावलीत अडवलेल्या विमानाने पंख डोलावणे म्हणजे "समजले, येतो." त्या दिवशी त्या डोलावण्यात "आम्ही निःशस्त्र आहोत, दया करा" हेही होते.

तीन-चार मिनिटे गेली. हुसैन घिरट्या घालत वाट पाहत राहिला. नियंत्रणकक्षातल्या लोकांना ते विमान सीमेची टेहळणी करत असावे, कच्छकडून नवी आघाडी उघडायची तयारी असावी, असा संशय होता. त्यांना खिडक्या दिसत नव्हत्या, पंख दिसत नव्हते. पडद्यावर ठिपका होता. उत्तर आले, पाडा. सुथरी गावाजवळ विमान पडले. आठही जण गेले. हुसैन संपत आलेल्या इंधनावर मौरीपूरला परतला, आणि आपण कुणाला मारले हे त्याला संध्याकाळी आकाशवाणीच्या बातम्यांतून कळले.

वर्ग गप्प होता. मी पुढचे सांगितले. २०११ साली, म्हणजे शेहेचाळीस वर्षांनंतर, या घटनेवर पाकिस्तानात लेखन झाले. ते वाचून म्हाताऱ्या हुसैनने जहांगीर इंजिनियर यांच्या मुलीचा पत्ता शोधला आणि तिला पत्र लिहिले. आपण हुकूम पाळला, त्या चार मिनिटांत काय झाले, हे सारे त्याने लिहिले आणि आठही कुटुंबांचे दुःख आपल्याला लागते असे कळवले. मुलीचे उत्तर गेले. तिने लिहिले की ज्याने चाप ओढला त्याच्याविषयी आमच्या घरात कधीच द्वेष नव्हता.

धडा संपवून मी पुस्तक मिटले तेव्हा सांबऱ्याचा तोच मुलगा उभा राहिला.

"सर, त्यांनी पंख हलवले ते त्या पायलटला दिसलं होतं का?"

"दिसलं होतं," मी म्हणालो.

"मग त्यानं ते खाली सांगितलं का?"

विमान नागरी आहे एवढे सांगितल्याचे त्याने लिहिले आहे, असे मी म्हणालो. पोरगा थोडा वेळ उभाच राहिला, मग बसला.